प्लमेट, ओळंबा आणि आमची दोन बोटं बाहेर गेलेली भिंत

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात बाजारभावाच्या पानावर हेडिंग होतं, कांद्याचे दर प्लमेट. मी वडगावात घरच्या घरीच इंग्लिशची ट्यूशन घेतो, सातवी ते दहावीची पोरं येतात, अर्धी मराठी मीडियमची अर्धी कानडी मीडियमची, आणि त्यातल्या एकाने तो पेपर (भजी बांधून आणलेला, खोटं कशाला बोलू) माझ्यासमोर धरून विचारलं, सर कांद्याची प्लेट कितीला म्हणूलालेत? मी म्हणलं प्लेट नाही रे, प्लमेट. मग अर्थ काय? म्हणलं डिक्शनरी बघ. त्याच्या डिक्शनरीत होतं "वेगाने खाली येणे". झालं, म्हणलं वाक्यात उपयोग करून आणा उद्या.

दुसऱ्या दिवशी एका पोरीने वही दाखवली. वाक्य होतं, रविवारी आम्ही सगळे राजहंसगडावर गेलो आणि संध्याकाळी पाऊस आला म्हणून प्लमेट झालो. ग्रामर बरोबर, स्पेलिंग बरोबर, आणि वाक्याप्रमाणे तिचं अख्खं घर गडावरून सरळ खाली पडून मेलेलं. मी हसलो, मग मलाच वाईट वाटलं, कारण पोरीची काय चूक, वेगाने खाली येणे म्हणलं तर ती वेगानेच खाली आली होती की. चूक त्या डिक्शनरीची आहे आणि साहेब रागावू नका पण थोडी तुमच्या हेडिंगची पण आहे, त्यासाठीच हे पत्र.

या शब्दाच्या पोटात एक वस्तू आहे, ती वस्तू डोळ्यासमोर आली की अर्थ पाठ करायला लागत नाही, आणि ती वस्तू आमच्या घरात खुंटीला लटकत होती. आमचे आप्पा गवंडी होते. मूळ खानापूर तालुक्यातले, विटांच्या भट्ट्यांच्या गावाकडचे, नंतर कामासाठी बेळगावात आले. त्यांच्या पिशवीत थापी, रंधा, गुण्या, पाणसळीची प्लॅस्टिकची नळी आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी किंवा पितळी गोळा, आणि त्याच दोरीत ओवलेला एक लाकडी गुटका. आता खरी गंमत त्या गुटक्यात असते जी बहुतेक लोकांना माहीत नसते. गुटक्याची रुंदी आणि गोळ्याची जाडी एकदम सारखी पाहिजे. भिंतीच्या वरच्या थराला गुटका टेकवायचा, दोरी सोडायची, गोळा खाली जातो, हलतो, थांबतो, आणि थांबल्यावर तो भिंतीला नुसता चाटून राहिला पाहिजे, दाबून नाही आणि लांब पण नाही. दाबून बसला तर भिंत खाली पुढे आलीय, मधे फट दिसली तर वरचे थर बाहेर झुकलेत. दोन्ही केसमध्ये आप्पा एकच शब्द बोलायचे, उतरव. म्हणजे घातलेले थर काढ आणि परत घाल. वारं असलं की गोळा थांबायचाच नाही, तेव्हा आप्पा खाली पाण्याची बादली ठेवून गोळा पाण्यात बुडवायचे, झुलणं लगेच बंद, मग नुसती दोरी बघायची वर आणि खाली भिंतीपासून सारखी लांब आहे का. त्यांच्या हाताखाली बैलहोंगलकडचे एक कानडी मामा होते, ते वरून ओरडायचे, गुंडु बिडु! म्हणजे गोळा सोड. मी खाली उभा राहून गोळा धरायचो, शाळा बुडवून अर्थात.

तर साहेब, प्लमेट म्हणजे हाच. क्रियापद नंतरचं, पहिल्यांदा ते नाम आहे आणि त्याचा अर्थ ओळंब्याचा गोळा. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणत, त्यावरून फ्रेंचमध्ये शिशाला शब्द झाला, त्याचं छोटं रूप म्हणजे शिशाचा लहान गोळा, आणि तो शब्द १४व्या शतकात इंग्लिशमध्ये आला. केमिस्ट्रीच्या पोरांना विचारा, शिशाची खूण पीबी का, लेड या शब्दात पी पण नाही आणि बी पण नाही, तर ती याच प्लंबममधली. गोळा शिशाचा का तर त्याला सोपं कारण आहे, शिसं आकाराच्या मानाने लई जड, एक घन सेंटीमीटर शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तेवढंच लोखंड ७.९ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान गोळ्यात जास्त वजन आणि वाऱ्याने कमी हलणार. शिवाय ३२७ डिग्रीला वितळतं, म्हणजे चुलीवर वितळवून, साच्यात ओतून घरच्या घरी गोळा करता येतो (करू नका, धूर विषारी असतो).

याच प्लंबमवरून प्लंबर पण आला. रोमन लोकांचे पाण्याचे पाइप शिशाचे होते म्हणून शिशाचं काम करणारा तो प्लंबर. हे मी आमच्या नळवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला सर माझ्या अख्ख्या सर्व्हिसमध्ये शिशाचा पाइप बघितला नाही, सगळं पीव्हीसी, मग मी प्लंबर नाही काय? बरोबर आहे त्याचं. वस्तू जाते आणि नाव राहतं, आपण पण शिसपेन्सिल म्हणतोच की, तिच्यात शिसं कुठे असतं, ग्राफाइट असतं. पूर्वी युरोपात लोक ग्राफाइटला शिशाचाच एक प्रकार समजत होते, ती चूक इंग्लिशमधून आपल्या कंपासपेटीत आली आणि आपण ती मराठी करून घेतली.

आता ओळंबा हा शब्द बघा. अवलंब वरून आलाय, म्हणजे खाली लटकणारा. लवणाचं लोण झालं तसं अवचं ओ झालं, आणि फलचं फळ झालं तसा लचा ळ झाला. लटकणे या अर्थाचा जो लंब आहे तोच भूमितीत रेषेवरचा लंब, तोच घड्याळातला लंबक, आणि अवलंबून असणे म्हणजे शब्दशः एखाद्याला लटकून असणे. मजा म्हणजे तिकडे पण तेच. इंग्लिशमध्ये भूमितीतल्या लंबाला पर्पेंडिक्युलर म्हणतात, तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ओळंबा, आणि डिपेंड म्हणजे पण मुळात खाली लटकणे. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी माणसांनी दोरीला वजन बांधून सोडलं आणि दोन्हीकडे भूमिती त्या दोरीवरूनच शिकले. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच मागच्या बाकावरच्यांनी मोबाईल खाली ठेवला. नववीचा एक पोरगा म्हणाला, सर म्हणजे पर्पेंडिक्युलरचं स्पेलिंग आप्पांनी शिकवलं. असो.

बरं मग गोळ्याचा पडणं कसा झाला? तर मधे अजून एक टप्पा आहे. गवंड्यासारखाच हा गोळा खलाशांकडे पण होता. जहाज किनाऱ्याजवळ आलं की पाणी किती खोल आहे ते बघायला खुणा बांधलेल्या दोरीला शिशाचं वजन लावून सोडायचे, वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायचे, वर ओढल्यावर चरबीला तळाची वाळू किंवा चिखल किंवा शिंपल्याचे तुकडे चिकटून यायचे आणि त्यावरून खलाशी सांगायचा आपण कुठे आहोत. म्हणून १७व्या शतकात प्लमेट हे क्रियापद म्हणून वापरायला लागले तेव्हा त्याचा अर्थ पडणे नव्हताच, पाण्याची खोली मोजणे होता. आपल्याकडे याला किती सुंदर शब्द आहे बघा, थांग घेणे. विहिरीचा थांग, माणसाच्या मनाचा थांग, आणि ज्याचा लागत नाही ते अथांग. इंग्रजीत पण मनाचा थांग घ्यायला प्लंब हेच क्रियापद चालतं.

सरळ खाली कोसळणे हा अर्थ फार अलीकडचा आहे, १९३० नंतरचा, आणि कोशवाल्यांचा अंदाज असा की तो विमानवाल्यांच्या बोलण्यातून आला असावा. पटतं पण. विमान ताबा सुटून नाक खाली करून यायला लागलं तर ते घसरत नाही की गडगडत नाही, दोरी तुटलेल्या ओळंब्यासारखं येतं. शब्द सहाशे वर्षांचा आणि ज्या अर्थाने आपण तो हेडिंगमध्ये घालतो तो अर्थ शंभर वर्षांचा पण नाही.

एकाने विचारलं सर शिसं जड म्हणून लवकर पडतं काय. नाही, हवेचा अडथळा सोडला तर शिसं आणि लाकूड एकाच वेगाने पडतं. मग फळ्यावर हिशोब केला. गोकाकचा धबधबा ५२ मीटर, तिथून शिशाची गोळी सोडली आणि हवा नाही धरली तर सव्वातीन सेकंदात खाली, आणि टेकताना स्पीड ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास. पोरं म्हणाली आमच्या बसपेक्षा डबल. म्हणलं हां, हे प्लमेट. आणि तू राजहंसगडावरून आलीस ते फक्त उतरणं, पावसात पाय गेला असेल तर घसरणं.

इथे माझा खरा मुद्दा येतो. इंग्लिश शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः वर किती वापरलेत बघा, हेडिंग, स्पीड, केस, आणि बेळगावात राहून भाषा शुद्ध ठेवायची म्हणली तर माणसाला मुकंच राहावं लागेल, कानडी मराठी इंग्लिश हिंदी एकाच वाक्यात झाल्याशिवाय आमची भाजी पण येत नाही. कुणी उठून प्लमेटला शिसपतन असा शब्द पण काढू नये, हात जोडतो. माझं म्हणणं एवढंच की पडायला आपल्याकडे इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचं पडणं वेगळं आहे, ते सोडून ज्याचं चित्र वाचकाच्या डोळ्यासमोर येत नाही तो शब्द कशाला.

घसरणे म्हणजे पाय जमिनीला लागूनच आहेत पण धरत नाहीत. पारा घसरला म्हणतात ते ठीक, तो नळीला धरूनच खाली येतो. गडगडणे म्हणजे उतारावरून धोंडा आवाज करत येतो, मधे मधे आपटत, थोडा थांबत, परत सुटत, चार दिवस रोज थोडा थोडा भाव गेला तर तो गडगडला. ढासळणे म्हणजे बुरुजाचं ढासळणं, आज एक दगड उद्या दुसरा, तब्येत ढासळते, इज्जत ढासळते, भाव ढासळत नाही. कोसळणे म्हणजे उभं असलेलं एकदम खाली येणं, चोर्ला घाटात दरड कोसळते, झाड कोसळतं, आमच्याकडे जून जुलैमध्ये पाऊस कोसळतो. रोडावणे हे तर पडणंच नाही, ते वाळणं, शाळेचा पट रोडावतो. आणि उतरणे हे चांगलं पडणं, ताप उतरतो, राग उतरतो, दारूचं पण उतरते म्हणतात ते चांगलं का वाईट ते ज्याचं त्याने बघावं. मग प्लमेटला जवळचा कुठला? कोसळणेच, बातमीला तेवढं बास आहे. पण त्यातला सरळपणा पण पाहिजे असेल तर भाव थेट तळाला गेले असं म्हणा, त्यात ओळंबा पण आला आणि खलाशाचा थांग पण आला.

अजून एक गोष्ट, ही माझ्या लक्षात आली नव्हती, आमच्या शेजारच्या मावशींनी सांगितली. त्यांचं माहेर खानापूरकडचं, भाऊ बटाटा करतो. मी त्यांना हौसेने प्लमेटची सगळी स्टोरी सांगितली तर त्या म्हणाल्या, पण सर आमचा भाऊ रेट पडला असं कधी म्हणतच नाही, रेट पाडला म्हणतो. मी गप्प झालो. पडणे आणि पाडणे, एका कान्याचा फरक. पडला म्हणलं की आभाळातून पडला, कुणाचा हात नाही. पाडला म्हणलं की पाडणारा कोण ते विचारावं लागतं. इंग्लिशमध्ये प्लमेट म्हणलं की गोळा आपोआप सुटलेला, पण ज्याने ओळंबा बघितलाय त्याला माहीत आहे की दोरी वर कुणीतरी धरलेली असते आणि गुंडु बिडु कुणीतरी ओरडलेलं असतं. सौदे कसे होतात ते मला कळत नाही, मी ट्यूशनवाला, त्यामुळे कुणावर बोट दाखवत नाही. पण बातमी लिहिणाऱ्याने शेतकरी पडला म्हणतोय का पाडला म्हणतोय हे ऐकून तरी लिहावं.

विषय निघालाच आहे तर अजून एक सांगतो, मग थांबतो. इंग्लिशमध्ये अप्लॉम असा शब्द आहे, एखादा माणूस कसल्याही गोंधळात न डगमगता उभा राहतो त्याच्या त्या ठामपणाला म्हणतात. तो पण याच शिशातून आला, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ओळंब्याला धरून, म्हणजे एकदम उभा. एकाच गोळ्यातून एक शब्द कोसळण्याचा आणि एक न डगमगण्याचा. आप्पांना हे सांगायला पाहिजे होतं, पण ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं एक वाक्य होतं, माणूस खोटं बोलेल, ओळंबा बोलत नाही. नंतर मी वाचलं की तो पण थोडा बोलतो. १९व्या शतकात हिंदुस्थानची मोजणी चालू होती तेव्हा हिमालयाजवळ ओळंबा डोंगराकडे किंचित ओढला जातो असं निघालं, आणि कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्याने १८५५च्या सुमारास हिशोब मांडला तर ओढ दिसायला पाहिजे होती त्यापेक्षा फार कमी निघाली. त्यावरून पुढे डोंगराच्या खाली काय आहे याचे अंदाज सुरू झाले. म्हणजे ओळंबा वाकडा गेला तरी काहीतरी खरंच सांगून गेला. हे ऐकून आप्पा म्हणाले असते, हिमालयाचं राहू दे, आधी तो थर उतरव.

पत्र लिहायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून त्यांची पिशवी काढली. थापी गंजलेली, नळी कडक झालेली, ओळंबा मात्र जसाच्या तसा, फक्त दोरी नवीन घातली. वर्गात नेला, ती राजहंसगडवाली पोरगी स्टुलावर चढली, गुटका भिंतीला लावला आणि सोडला. सगळे खाली बसून बघत होते. गोळा हलला, थांबला, आणि भिंतीपासून चांगली दोन बोटं लांब राहिला. परत लावला, परत तेच. म्हणजे माझ्या ट्यूशनची भिंत वर दोन बोटं बाहेर आहे आणि इतकी वर्षं मी तिला टेकूनच शिकवतोय. पोरांनी लगेच नवीन वाक्य लिहिलं, द वॉल मे प्लमेट. म्हणलं चूक, भिंत प्लमेट होत नाही, भिंत कोसळते. त्यावर ती म्हणाली, सर तुम्ही आधी तिथून उठा.

पत्र छापलंत तर आनंद होईल, लांब झालंय, कापायचं असेल तर हिमालय कापा पण मावशींचं ठेवा. माझं नाव आणि गल्ली छापू नका, घरमालकांना भिंतीचं अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक ट्यूशनवाला वाचक
वडगाव, बेळगाव